आदर्श स्मार्टफोनचं हार्डवेअर कसं असावं : डिझाइन बघावं की ताकद?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की पाच वर्षं वापरायचा फोन घ्यायचाय. मित्र म्हणतो सगळ्यात तगडा प्रोसेसर बघ, बायको म्हणते हातात नीट बसणारा घे, आणि तुम्हाला कळत नाही कुणाचं ऐकावं.

मी बेळगावात खडे बाजाराजवळच्या एका बोळात मोबाइल दुरुस्त करतो. चौदा वर्षं झाली. नवे फोन मी विकत नाही, विकलेले उघडतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो, वहिनींचं ऐका. पण डिझाइन म्हणजे मागची चकाकी आणि रंग एवढंच धरू नका. चिपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्ये, ताकद किती आहे ते खोक्यावर छापलेलं असतं. त्यातली तुमच्या वाट्याला किती येणार आणि किती वर्षं येणार, हे फोनची घडण ठरवते. दुकानात बघून कळतं त्यापेक्षा ही घडण फार खोल असते.

माझे वडील उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे होते. ओतकामात जो भाग जाड असतो तो उशिरा थंड होतो आणि तिथेच दोष राहतो. म्हणून साच्यात त्या जागी लोखंडाचा तुकडा ठेवतात, त्याला चिल म्हणतात. तो तिथली उष्णता पटकन ओढून घेतो. मी पहिल्यांदा फोनच्या बोर्डावरची तांब्याची पट्टी आणि ग्राफाइटचा काळा कागद बघितला तेव्हा घरी जाऊन वडिलांना म्हटलं, "बाबा, ह्यात पण चिल घातलेत." त्यांना लगेच कळलं.

फोनमध्ये सहसा पंखा नसतो. चिपची उष्णता बाहेर पडायला फक्त बॉडीचा पृष्ठभाग असतो. तळहाताएवढी ही वस्तू हाताला चटका न देता सलग तीन-चार वॅटच्या आसपासच उष्णता बाहेर टाकू शकते. आजच्या तगड्या चिपा जोर लावला की त्याहून कितीतरी जास्त वीज खातात. मग दहा-पंधरा मिनिटांनी फोन स्वतःच चिपचा वेग उतरवतो. यूट्यूबवर वेगाच्या चाचणीचे जे स्कोअर दाखवतात ते पहिल्या काही मिनिटांचे. तुम्ही गाडीत फोन लावून कोल्हापूरपर्यंत नकाशा चालू ठेवता, वर ऊन, खाली चार्जिंग, तेव्हा त्या स्कोअरचा काही संबंध उरत नाही. म्हणूनच एकच चिप असलेले दोन फोन माझ्या टेबलावर सारखे वागत नाहीत.

२०१५ साली हे सगळ्या जगाला दिसलं. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८१० ही त्या वर्षीची सगळ्यात ताकदवान म्हणून गाजलेली चिप. २० नॅनोमीटरच्या तंत्रावर बनलेली (हा आकडा लहान तितकी चिप साधारण कमी वीज खाते), आणि इतकी तापायची की ती असलेले महागडे फोन जोर लावला की थोड्याच वेळात मंदावत. त्याच वर्षी सॅमसंगने गॅलॅक्सी एस ६ मध्ये ती न घेता स्वतःची १४ नॅनोमीटरची चिप घातली.

ॲपलचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोची बाहेरची फ्रेम टायटॅनियमची केली. हलकं, मजबूत, दिसायलाही भारी. पण टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात फार मागे, ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त वाहून नेतं. २०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्ये त्यांनी ॲल्युमिनियमची एकसंध बॉडी आणली आणि आत व्हेपर चेंबर बसवला. व्हेपर चेंबर म्हणजे धातूची पातळ बंद डबी, आत थेंबभर पाणी. गरम जागी त्याची वाफ होते, ती थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून परत येते. माझ्या मते हेच खरं डिझाइन : आधी उष्णता कुठून जाणार ते ठरवायचं, मग रूप.

आता बॅटरी. माझ्याकडे येणाऱ्या फोनांमधली मोठी संख्या बॅटरीपायी येते. लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंशांत चार्ज करायचा असतो. तापलेल्या फोनला चार्जिंगला लावून त्यावर गेम खेळलं की सेल आतून खराब होतो, गॅस धरतो आणि फुगतो. फुगलेली बॅटरी मागचं पॅनल उचलते, कधी डिस्प्लेला आतून रेटते. ग्राहक म्हणतो, "डिस्प्लेला डाग पडलाय," आणि उघडलं की पापडासारखी टम्म बॅटरी! सेलला फुगायला थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. अतिपातळ फोन करण्याच्या नादात ती जागा जाते. २०१६ साली गॅलॅक्सी नोट ७ ला आगी लागल्या. पुढच्या जानेवारीत सॅमसंगने जे कारण सांगितलं त्यात एका पुरवठादाराच्या बॅटरीचा वरचा कोपरा आत दबून इलेक्ट्रोड वाकले, हे होतं. दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेगळा दोष निघाला, आणि शेवटी अख्खं मॉडेल बाजारातून मागे घ्यावं लागलं.

अलीकडे बॅटरीत सिलिकॉन-कार्बन आलंय, ते चांगलं आहे. ऋण बाजूच्या ग्राफाइटमध्ये सिलिकॉन मिसळलं की तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो. पण सिलिकॉन लिथियम घेताना खूप फुगतं, म्हणून कार्बनबरोबर बांधून घालावं लागतं. तेव्हा एवढी मोठी बॅटरी एवढ्या पातळ फोनमध्ये कशी, असं विचारलंत तर उत्तर हे आहे. साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरचे फोन (आयफोन एअर, गॅलॅक्सी एस २५ एज) हातात घ्यायला सुंदर वाटतात, मी पण हौसेनं धरून बघितलेत. पाच वर्षांसाठी मात्र तुम्हाला ते घ्या म्हणणार नाही. आठ-साडेआठ मिलिमीटरचा फोन खिशात जड वाटत नाही.

आपल्या भागात पुढचा प्रश्न पाण्याचा. जुलैत खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून जे फोन येतात ते मी वास घेऊन ओळखतो. परवाच्या पावसाळ्यात एक मामा आले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. "काल रात्रीपासून चार्जिंगच घेईना झालाय की ओ." सीसी पिन, म्हणजे चार्जरची वायर घुसते ती जागा, हिरवी पडलेली. फोन पाण्यात पडलेलाच नव्हता. दिवसभर ओलसर खिशात होता आणि रात्री तसाच चार्जिंगला लावला. ओल आणि वीज एकत्र आली की पिना गंजतात. फोनला आयपी६८ होतं, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग, पण आयपीची चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर होते. आतली सील म्हणजे शेवटी डिंक आणि रबर. ती उष्णतेने, पडझडीने, वयाने सुटते. एकदा बॅटरी बदलायला मागचं पॅनल उघडलं आणि नवी सील नीट बसवली नाही की ते रेटिंग कागदावरच उरतं. तरी रेटिंग असलेलाच घ्या, फरक पडतो. पण ओला फोन कधीही चार्जिंगला लावू नका. आणि सीसी पिन वेगळ्या छोट्या बोर्डावर असलेला फोन मला जास्त आवडतो. तो बोर्ड स्वस्तात बदलता येतो, मेन बोर्डावरची पिन काढून बसवणं जोखमीचं काम आहे.

निपाणीकडच्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी : फिंगरप्रिंट. माझी मावशी तिथे वर्षानुवर्षं बिड्या वळायची. तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की रेशनच्या दुकानातलं मशीनही कधी कधी घेत नाही. फाउंड्रीतल्या वडिलांचं तेच. अशा हातांना डिस्प्लेखालचा स्वस्त ऑप्टिकल सेन्सर रडवतो, कारण तो उजेड पाडून बोटाचा फोटो काढतो. बाजूच्या पॉवर बटणात बसवलेला साधा सेन्सर माझ्या अनुभवात जास्त भरवशाचा. महागड्या फोनांत अल्ट्रासॉनिक असतो, तो आवाजाच्या लहरींनी बोट वाचतो, ओलं बोटही बऱ्यापैकी घेतो. तुमच्या घरात कष्टाचे हात असतील तर त्यांचं बोट दुकानातच लावून बघा. ह्याला मी प्रोसेसरच्या वर ठेवीन, कारण जो फोन उघडतच नाही त्याची ताकद मावशीच्या काय कामाची?

सिग्नलही हार्डवेअरच आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. जांबोटीच्या पुढे जंगलात शिरलं की टॉवर लांब जातो आणि फोन त्याला गाठायला जास्त जोर लावून प्रसारण करतो. बॅटरी उतरते, फोन तापतो. कमी वारंवारतेच्या लहरी, म्हणजे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांबवर आणि भिंतीपलीकडे पोचतात. फोन तुमच्या सिमच्या ह्या बँडना, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांना, चालतो का, ते माहितीपत्रकात असतं. धातूची बॉडी लहरी अडवते, म्हणून धातूच्या फ्रेमवर प्लास्टिकच्या बारीक रेषा दिसतात, अँटेनाला वाट ठेवलेली असते. २०१० च्या आयफोन ४ मध्ये बाहेरची पट्टीच अँटेना होती, ठराविक जागी हात लागला की सिग्नल पडायचा. दिसायला त्या काळचा सगळ्यात देखणा फोन होता तो.

मागच्या बाजूला काच असण्याचं मला आजवर वायरलेस चार्जिंगपलीकडे समाधानकारक कारण सापडलेलं नाही. चांगल्या प्रतीचं प्लास्टिक लहरी अडवत नाही, फुटत नाही, हाताला गरम कमी लागतं. लोक त्याला हलक्या प्रतीचं समजतात, मला ते पटत नाही. डिस्प्लेही सपाटच घ्या. कडेला वळलेला डिस्प्ले फुटला की त्याचा कॉम्बो (काच, टच आणि डिस्प्ले मिळून एकच भाग) महाग, वर टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही, आणि काढताना माझाही हात थरथरतो. सॅमसंगने स्वतः २०२४ च्या एस २४ अल्ट्रात वळण सोडून सपाट केला.

मग ताकद बघायचीच नाही का? बघायची, पण जागा ओळखून. तीन वर्षांनी फोन रडतखडत चालतो तेव्हा लोक प्रोसेसरला दोष देतात. बऱ्याचदा दोष स्टोरेजचा असतो. स्वस्त फोनात ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं, ते एका वेळी वाचतं किंवा लिहितं. यूएफएस ही त्याहून वेगवान जात दोन्ही एकदम करते. ईएमएमसी व्हॉट्सॲपच्या फोटोंनी काठोकाठ भरलं की ॲप उघडायला फोन अक्षरशः दम घेतो. म्हणून मधल्या दर्जाची चिप चालेल, यूएफएस हवंच आणि २५६ जीबी हवं. रॅम ८ जीबी पुरते. "अधिक ८ जीबी व्हर्च्युअल" असं जे लिहितात ते स्टोरेजमधलं उसनं असतं, त्याचे पैसे देऊ नका.

कॅमेऱ्याचं थोडक्यात : मेगापिक्सेल नको, सेन्सरचा आकार बघा. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोंचा) आणि डेप्थ (मागचं धूसर करायचा) ही भोकं संख्या वाढवायला असतात. एक मुख्य कॅमेरा मोठ्या सेन्सरचा, त्यात ओआयएस, म्हणजे हाताचा थरथराट सावरणारी लेन्सची सोय, असलं की रात्री गणपतीच्या मिरवणुकीतले फोटो हलत नाहीत.

आणि हे मला सगळ्यात जवळचं. फोन उघडता आला पाहिजे. काही फोनांत बॅटरीखाली ओढायची पट्टी असते, ओढली की बॅटरी सुटते, दहा मिनिटांचं काम. काहींत बॅटरी अशी चिकटवलेली असते की थिनर सोडून, पातळ कार्डाने खरवडत, जीव मुठीत धरून काढावी लागते, कारण सेल वाकला तर पेट घेऊ शकतो. दोन्ही फोन बाहेरून सारखेच सुंदर. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आलाय : बॅटरी ८०० चार्जिंगनंतर निदान ८० टक्के क्षमता राखणारी हवी, सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे असं झालं तर माझ्यासारख्याला आणि तुमच्यासारख्याला दोघांनाही केवढा आधार होईल. तोवर आपणच विचारायचं.

म्हणून घ्यायच्या आधी एवढं करा. मॉडेल ठरलं की पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून ओरिजनल डिस्प्लेचा आणि बॅटरीचा दर विचारा. डिस्प्ले फोनच्या निम्म्या किमतीला जात असेल तर दुसरं मॉडेल बघा. अपडेट किती वर्षं देणार तेही विचारा, गूगल आणि सॅमसंगने वरच्या मॉडेलांना सात वर्षं जाहीर केली आहेत. दुकानात डेमो फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि हातात धरून उभे राहा. कॅमेऱ्याजवळ एकाच ठिकाणी चटका लागतोय की पाठभर सारखी ऊब पसरतेय, ते बोटांना कळतं. पसरत असेल तर आतले चिल बरोबर बसलेत. मग दुकानदाराला विचारून तोच फोन घेऊन बाहेर उन्हात या आणि स्क्रीन वाचता येतेय का बघा. वहिनींनाही सोबत न्या, एका हाताने टाइप करून त्यांना बघू दे.

बजेट तुम्ही लिहिलेलं नाही. दोन-तीन मॉडेलं मनात असतील तर खाली सांगा, मी त्यातलं कुठलं उघडलंय आणि आत काय दिसलं ते लिहितो.