इंद्रजाल दुकानात दिसलं, तर कारवार कशाला गाठता?

ताई, तुम्ही विचारलंय की बेळगावजवळच्या खानापुरात एका दुकानात 'इंद्रजाल' फ्रेम करून विकायला ठेवलंय, वस्तू समुद्रातली, मग तक्रार कारवारच्या मत्स्य खात्याकडे करायची की कोस्ट गार्डकडे? दोन्हीकडे नको. आधी तुमच्याच आरएफओकडे (वन खात्याच्या रेंज ऑफिसरकडे) जा.

इंद्रजाल दिसायला वनस्पतीसारखं, पण ती वनस्पती नव्हेच. तो समुद्रपंखा, बारीक जिवांची वसाहत. चपटी, तारेसारखी कडक जाळी, टोक जाळलं तर केस जळल्यासारखा वास येतो (दुकानात हा प्रयोग करू नका!). १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. आणि हा कायदा समुद्रकाठापुरता नाही, वस्तू सापडेल तिथं लागू. मत्स्य खात्याचा १९८६चा कायदा बोटी, जाळी आणि मासेमारीबंदीचा. भिंतीवरच्या फ्रेमशी त्याला काय देणंघेणं?

झडती-जप्तीचा अधिकार वन्यजीव कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. वन अधिकाऱ्याला तिथं हुद्द्याची अट नाही. पोलिसांत मात्र पीएसआय किंवा वरचाच लागतो. २०२२च्या दुरुस्तीनं कस्टम्सचा इन्स्पेक्टर आणि कोस्ट गार्डचा असिस्टंट कमांडंट, किंवा त्यांच्या वरचे, हेही आले. मला हे उशिरा कळलं. असंच इंद्रजाल बघून मी एका चौकीत गेलो, तर हवालदार म्हणाला, "समुद्राचं की ओ ते, हितं काय?" दोन कार्यालयं फिरून परत आलो, तोवर भिंतीवर नुसता खिळा उरलेला.

आणखी एक मेख आहे. पीएसआयनं माल पकडला तरी कलम ५५ प्रमाणे कोर्टात फिर्याद वन्यजीव खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्यानंच द्यावी लागते. नुसत्या पोलिसी चार्जशीटवर कोर्ट दखल घेत नाही. म्हणून सुरुवातच वन खात्यातून केलेली बरी. ते हललेच नाहीत तर ६० दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः फिर्याद देऊ शकता. शिक्षा ३ ते ७ वर्षं, वर किमान २५ हजार दंड.

फोटोत दुकानाची पाटी येऊ द्या. वस्तू मात्र पुरावा म्हणून विकत घेऊ नका, बाळगणं हाही गुन्हाच. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, म्हणजे भाषांतराच्या नावाखाली फाईल पडून राहणार नाही. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.