युरेनियम खाणीचं दूषित पाणी नुसतं गाळून शुद्ध होतं का?
नाही, गाळल्याने फक्त माती अडते. विरघळलेलं रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य पाण्याबरोबर पुढे जातं, म्हणून त्याचा आधी रसायनाने साका (तळाशी बसणारा घन गाळ) पाडावा लागतो. झारखंडमधल्या जादुगुडा इथे त्यासाठी पाण्यात बेरियम क्लोराइड घालतात. तिथलं खनिज सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात, त्यामुळे सांडपाण्यात सल्फेट भरपूर असतं. बेरियम आणि सल्फेटचा पांढरा साका बनतो, आणि रासायनिकदृष्ट्या बेरियमचाच भाऊबंद असलेलं रेडियम त्या स्फटिकांत अडकून तळाशी बसतं. रेडियम इतकं अत्यल्प असतं की एकट्याने त्याचा साका पडलाच नसता. मला या पद्धतीतली खरी हुशारी इथेच दिसते. जोडीला चुना घातला की आम्लता जाते, मँगनीजसारखे धातूही खाली बसतात.

पण यात किरणोत्सार नष्ट होत नाही, तो पाण्यातून गाळात जातो. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे, आणि जादुगुड्याचे ओढे सुवर्णरेखा नदीला मिळतात. त्यामुळे बाहेर सोडलेल्या पाण्याइतकीच हा गाळ साठवलेल्या तळ्याच्या बांधाची आणि आसपासच्या विहिरींची तपासणी खाण बंद झाल्यावरही चालू ठेवावी लागते.