‘मला बोलताच येत नाही’ हे वाक्य तपासून पाहा

वाचकांचे प्रश्न : मन आणि व्यवहार

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत बारा वर्षे काम करतो. शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले, नंतर डिप्लोमा केला. सहा महिन्यांपूर्वी मला मोल्डिंग विभागाचे प्रमुख केले. दर सोमवारच्या बैठकीत रिजेक्शनचे आकडे सांगताना माझी बोबडी वळते. कन्नडमध्ये सुरुवात करतो, इंग्रजीत अडकतो आणि शेवटी गप्प बसतो. मला बोलताच येत नाही आणि सगळे मला कमी लेखतात. एका प्रशिक्षकांचे दोन दिवसांचे एनएलपी शिबिर आहे, शुल्क अठरा हजार रुपये. ‘अंतर्मनाचे प्रोग्रॅमिंग बदलून भीती कायमची घालवू’ असे ते सांगतात. हे शिबिर करावे का?

उत्तर : या आश्वासनावर विसंबून आपण अठरा हजार रुपये भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु एनएलपीमध्ये आपल्या उपयोगाचे काहीच नाही, असेही मी म्हणणार नाही. त्यातला जो भाग आपल्या कामाचा आहे, तो घरी बसून, वही आणि पेन घेऊन करता येण्यासारखा आहे.

एनएलपी म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. बोलण्या-विचार करण्याच्या सवयी बदलू पाहणारी ही पद्धत १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी मांडली. ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे अध्यापक होते. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटायर आणि मिल्टन एरिक्सन हे त्या काळातील नावाजलेले उपचारक रुग्णांशी नेमके कसे बोलतात, याचे बारकाईने निरीक्षण करून ते कसब इतरांना शिकवता येईल का, असा त्यांचा मूळ प्रयत्न होता. त्यांचे पहिले पुस्तक १९७५ मध्ये निघाले आणि त्यात भर होता तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर. माणूस आपला अनुभव शब्दांत मांडताना काही गोष्टी गाळतो, काही सरसकट करून टाकतो आणि काहींचा विपर्यास करतो. ऐकणाऱ्याने नेमका प्रश्न विचारला की गाळलेला भाग परत हाती लागतो, असे ते म्हणतात. या पद्धतीला ‘मेटा मॉडेल’ म्हणतात आणि माझ्या मते एनएलपीतील सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच आहे.

आता आपलेच पत्र समोर ठेवू. ‘मला बोलताच येत नाही’ असे आपण लिहिले आहे. कोणत्या भाषेत येत नाही? कोणासमोर? बारा वर्षे ज्या खात्यात आपण काम केले, तिथे वाळूत ओल जास्त झाली किंवा साचा नीट दाबला गेला नाही, तर कामगारांना आपण कोणत्या भाषेत सांगता? उद्यमबागेतील फौंड्रीत बारा वर्षे काढलेल्या माणसाला कामापुरते कन्नड येत नसेल, हे मला पटत नाही. म्हणजे खरे वाक्य बहुधा असे आहे : ‘सोमवारच्या बैठकीत, वरिष्ठांसमोर, तयारीविना आकडे सांगताना माझे कन्नड आणि इंग्रजी अडते.’ हे वाक्य लांब आहे, पण त्यात काय करायचे ते दिसते. पहिल्या वाक्यात फक्त निकाल होता. ‘सगळे मला कमी लेखतात’ हेही तसेच तपासावे. बैठकीला किती जण असतात आणि त्यांतील कोण, कोणत्या दिवशी, काय बोलले? नावे आणि शब्द लिहून काढल्यावर ‘सगळे’ एक-दोन माणसांवर येतात, किंवा कुणीच काही बोललेले नाही, ते आपणच त्यांच्या चेहऱ्यावर वाचले, असे लक्षात येते. आपल्या भागात भाषेचा प्रश्न प्रत्येक घराने सोसलेला आहे. त्यामुळे कन्नडमध्ये अडखळलो की आपल्याला केवळ शब्द सुचला नाही असे वाटत नाही, तर आपली लायकीच उघडी पडली असे वाटते. ही भावना मी हलकी मानत नाही. पण सोमवारच्या बैठकीतील अडचण त्या मोठ्या दुःखापासून वेगळी काढली, तर ती सुटण्याजोगी आहे.

राहिला प्रश्न ‘अंतर्मनाच्या प्रोग्रॅमिंग’चा. अमेरिकी लष्करासाठी तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९८८ मध्ये मानवी क्षमता वाढवण्याच्या अनेक पद्धती तपासल्या, तेव्हा एनएलपीच्या दाव्यांना पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात आरोग्यविषयक परिणामांवरचे दहा प्रयोग तपासले गेले आणि तिथेही निष्कर्ष फारसा वेगळा निघाला नाही. अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबून आत्मविश्वासाचा जुना क्षण जागा करण्याचे तंत्र, ज्याला ‘अँकर’ म्हणतात, ते करण्यात धोका काही नाही. बैठकीच्या दाराशी क्षणभर थांबून श्वास सावरण्याचे निमित्त म्हणून ते करावे. त्याने वर्षानुवर्षांची भीती पुसली जाते, हा दावा मात्र स्वीकारू नये. ‘संवादात शब्दांचा वाटा केवळ सात टक्के’ हे वाक्यही आपल्याला अशा शिबिरांत ऐकायला मिळेल. ते अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले, आणि ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांवरून भावना ओळखण्यापुरतेच होते. रिजेक्शनचा आकडा चेहऱ्याने सांगता येत नाही.

याऐवजी असे करावे. रविवारी संध्याकाळी पाच वाक्ये कन्नडमध्ये लिहावीत : किती कास्टिंग झाली, किती नाकारली गेली, दोष कोणता, कारण कोणते, पुढील आठवड्यात काय करणार. ‘ब्लो होल’ (ओतकामात वायू अडकून पडलेले छिद्र) हा शब्द तिन्ही भाषांत तोच आहे, त्याची चिंता करू नये. ही वाक्ये आधी घरात मोठ्याने, मग शिफ्टमधील एखाद्या कन्नडभाषक सहकाऱ्यासमोर आणि त्यानंतर बैठकीत म्हणावीत. सोप्या प्रसंगाकडून अवघड प्रसंगाकडे पायरीपायरीने जाणे, हा भीती कमी करण्याचा चांगला तपासलेला मार्ग आहे. अडलो तर काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. ‘आकडा आठवला नाही, तर मी “स्वल्प तडीरी, नोडी हेळ्तीनि” (थोडे थांबा, पाहून सांगतो) असे म्हणून कागद पाहीन.’ अशा ‘जर-तर’ योजनांनी ठरवलेली गोष्ट हातून घडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून दिसले आहे. छातीत धडधड सुरू झाली, तर ‘शांत हो’ असे स्वतःला बजावू नये. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत भाषणाआधी ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणाऱ्यांचे भाषण ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक प्रभावी ठरले.

तरीही शिबिराला जायचेच असेल, तर प्रशिक्षकांना एवढे विचारावे की दोन दिवसांत मी प्रत्यक्ष किती वेळ उभा राहून बोलणार आणि मला सुधारणा कोण सांगणार. ‘प्रॅक्टिशनर’ हे प्रमाणपत्र खासगी संस्था देतात. तो उपचार करण्याचा परवाना नव्हे. म्हणून झोप उडणे, जेवण न जाणे, रविवारपासूनच घाबरे होणे असे काही होत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून दूर नाही आणि टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

प्रश्न : मी निपाणीची गृहिणी आहे. मुलगा दहावीला आहे. एका समुपदेशकांनी त्याच्या डोळ्यांची हालचाल पाहून तो ‘दृश्य प्रकारचा’ असल्याने त्याने चित्रांवरूनच अभ्यास करावा, असे सांगितले. हे खरे मानावे का?

उत्तर : ताई, मानू नये. बुबुळे कोणत्या दिशेला जातात यावरून माणसाची विचारपद्धती ओळखता येते, हा एनएलपीतील जुना दावा चाचण्यांत टिकला नाही, आणि मुलाच्या तथाकथित प्रकाराप्रमाणे शिकवल्याने तो अधिक शिकतो, यालाही भक्कम आधार नाही. भूगोलाचा नकाशा सर्वांनीच पाहून शिकावा आणि कविता सर्वांनीच म्हणून पाठ करावी. पुस्तक मिटवून आठवण्याचा सराव मात्र जवळजवळ प्रत्येकाला लाभतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले की धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहते. रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने दिवसभरातील एक धडा पुस्तक न उघडता आपल्याला सांगावा. जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि दोन दिवसांनी तेवढेच पुन्हा विचारा.