दगा देऊन गेलेल्या मुलासाठी रडावं का?

"त्यानं सुनेला आणि नातीला वाऱ्यावर सोडलं. तरी मला त्याच्यासाठी रडू येतं. मी सुनेशी बेइमानी करतेय का?" हे विचारणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. (त्यांच्या परवानगीनं, तपशील बदलून लिहिते आहे.)

मुलगा चित्रकार होता, नावाजलेला. प्रदर्शनासाठी म्हणून बायकोच्या नावावर कर्ज काढलं आणि त्या पैशात दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटला. काही वर्षांनी आजारपणात गेला. हप्ते सूनच फेडत होती, सासूलाही तीच सांभाळत होती. भेटायला येणारे म्हणाले, "सुटलात!" मग या बाई रडणार कुणासमोर?

समाज ज्याला दुःख मानतच नाही, ते माणसाला एकट्यानं सोसावं लागतं, अशी मांडणी शोकाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. माझ्या अनुभवात असं कोंडलेलं दुःख लवकर निवळत नाही. वर्ष उलटूनही ओढ तेवढीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं ठप्प झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावंच.

मी त्यांना दोन पत्रं लिहायला सांगितली, न पाठवायची. पहिल्यात फक्त त्यानं काय केलं ते. त्यात एक वाक्य होतं, "कलावंत असेच असतात." ते मी खोडायला लावलं. हातात कला असली म्हणून बायकोला फसवण्याची मुभा मिळत नाही, आणि ही सबब राहिली असती तर सुनेला सासूचं रडू कायम त्याची वकिलीच वाटलं असतं. दुसरं पत्र मुलाला. ते त्यांनी मला वाचून दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

मग त्या सुनेशी बोलल्या. "तू त्याला माफ कर असं मी कधीच म्हणणार नाही. पण मला रडू दे." सून बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "रडा आई. फक्त माझ्याकडून त्याचं कौतुक मागू नका."

पुढची गोष्ट अवघड होती. त्या दुसऱ्या बाईला भेटावं असं त्यांच्या मनात होतं. "तिच्याकडे तर कुणी सांत्वनालाही गेलं नसेल." मला ही करुणा खरी वाटली. पण सुनेला आधी सांगायचं, यावर मी ठाम राहिले. लपवून केलेली दया त्या घरात नवा दगा ठरली असती. सून चिडली, दोन दिवस बोलली नाही, पण तिनं अडवलं नाही.

त्या गेल्या. तिच्याजवळ बसल्या, तिला जवळ घेतलं. आणि निघताना स्पष्ट सांगून आल्या की कर्ज अजून फिटलेलं नाही, तिच्याकडची चित्रं विकली गेली तर आधी ते फेडायचं आणि उरेल त्यात नातीचा वाटा ठेवायचा.