महिन्याला २५,००० रुपये खर्च असेल, तर क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा?

आपण गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करता, दरमहा सुमारे २५,००० रुपये कार्डाने खर्च करता, आणि तरीही पॉइंटांमधून विशेष काही हाती का लागत नाही, असे विचारले आहे. मी कोल्हापुरात लहान व्यावसायिकांचे हिशेब पाहतो. माझ्या मते, पॉइंट वाढवण्याच्या मागे लागण्याआधी एक पॉइंट किती पैशांचा, हे काढले पाहिजे.

समजा, दर १५० रुपयांना २ पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटाचे २५ पैसे होतात. मग वर्षभराच्या तीन लाखांच्या खर्चावर जास्तीत जास्त ४,००० पॉइंट, म्हणजे १,००० रुपये मिळतात. त्यातून ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला की ४१० रुपये उरतात. पॉइंट वटवताना अनेक बँका दर वेळी ९९ रुपये आणि जीएसटी घेतात, म्हणून ते तुकड्यातुकड्याने न वटवता मुदत संपण्यापूर्वी एकदाच वटवावेत. ठरावीक खर्चानंतर वार्षिक शुल्क माफ होत असेल, तर आपल्यासाठी ती सवलत पॉइंटांइतकीच मोलाची आहे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. एका महिन्याचे २५,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर ८७५ रुपये व्याज आणि १५७ रुपये ५० पैसे जीएसटी पडतो. म्हणजे वर्षभराची कमाई एकाच महिन्यात संपते. शिवाय पूर्ण रक्कम भरली नाही, तर नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही जाते. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने फक्त विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. त्यामुळे पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होण्याची सोय आधी करून घ्या.

खर्च कुठे करता, यावरही बरेच अवलंबून असते. गुजरीच्या सराफ बाजारात दागिने घेताना दुकानदाराने कार्डासाठी दोन टक्के जास्त मागितले, तर पाव-अर्ध्या टक्क्याच्या पॉइंटांसाठी कार्ड वापरणे सरळ तोट्याचे आहे. पेट्रोल, घरभाडे आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत. याउलट, किराणा आणि भाजीचा खर्च आपण यूपीआयने करत असाल, तर रुपे क्रेडिट कार्ड उपयोगी पडेल, कारण रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ते यूपीआयला जोडण्याची परवानगी दिली. ते दुकानाच्या क्यूआर कोडवर चालते, व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठवायला चालत नाही; आणि अशा व्यवहारांवर पॉइंट मिळतात का, हे अटींत आधी पाहावे लागते.

वटवताना बँकेच्या यादीतील मिक्सर किंवा बॅगेची किंमत बाजारात विचारून पाहा, कारण अशा वस्तूंवर पॉइंटाचे मोल अनेकदा घटते. आपल्या खर्चाच्या पातळीला मला पॉइंटांची रक्कम बिलातून वळती करून घेणे अधिक योग्य वाटते. विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटांसाठी वापरता येणाऱ्या पॉइंटांमध्ये, रूपांतर करणे खरे लाभाचे ठरते ते वारंवार प्रवास करणाऱ्यांना.

एवढे करूनही हिशेब तोट्याचाच निघाला, तर कार्ड बंद करा. थकबाकी नसेल तर बँकेला ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसामागे बँकेने ग्राहकाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. मात्र अर्ज करण्याआधी पॉइंट वटवून घ्या, कारण अनेक कार्डांच्या अटींनुसार खाते बंद होताच शिल्लक पॉइंट बाद होतात.