श्वासाचं यंत्र घ्या, पण चालण्याच्या जोडीला

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय: वय ४४, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, ठाणे स्टेशनचा पूल चढला की धाप लागते. श्वासाच्या व्यायामाचं यंत्र घेतलं तर चालायला न जाता स्टॅमिना वाढेल का? ताई, धाप कमी होऊ शकते. स्टॅमिना नुसत्या यंत्राने वाढेल अशी आशा ठेवू नका.

आधी यंत्र कोणतं ते बघा. कोविडमध्ये घरोघरी आलेलं तीन चेंडूंचं ते हे नव्हे. त्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे म्हणजे हवा ओढण्याचा वेग, सेकंदाला इतके सीसी. ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट उघडावीत म्हणून ते देतात, स्नायूंवर त्याचं फारसं ओझं पडत नाही. ताकद वाढवणाऱ्या यंत्रात स्प्रिंगची झडप असते आणि ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडतच नाही. म्हणजे दर श्वासाला श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू वजन उचलतात. ते बळकट झाले की तोच जिना चढताना त्यांच्या ताकदीचा कमी वाटा खर्च होतो आणि घुसमट कमी जाणवते. जोराच्या श्रमात हे स्नायू थकले, तर शरीर पायांकडचं रक्त आखडतं घेतं, तेही लांबणीवर पडतं.

पण हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता आणि पायाच्या स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता पाय हलवल्याशिवाय वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेली आठवड्याची १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल म्हणूनच टळत नाही.

मी नेरुळला राहतो, अकाउंट्सची नोकरी, वय ५२. सुरुवातीला झडप फार घट्ट लावली. खांदे कानापर्यंत जायचे, मान धरली आणि आठवड्यात सोडून दिलं. दुसऱ्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकलो. ताठ बसायचं, नाकाला चिमटा, जोरात आत ओढायचं, सावकाश सोडायचं. पोट आणि खालच्या बरगड्या फुगल्या पाहिजेत, खांदे जागेवर. एका वेळी ३० श्वास, सकाळ-संध्याकाळ. शेवटचे चार-पाच जड जावेत, इतकीच झडप घट्ट. बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं, तर श्वास फार भरभर होतोय, थांबा. सहा आठवड्यांनी चार मजले न थांबता चढलो. मात्र पारसिकच्या चढावर पाय भरून यायचे ते थांबायला सागर विहारला रोज अर्धा तास चालावं लागलं, तेही तीन महिने.

बीपी वरच्या बाजूला असेल तर एक गोष्ट उपयोगी आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या ३६ जणांपैकी ज्यांनी जड झडपेवर रोज ३० श्वास, आठवड्याचे ६ दिवस, असं ६ आठवडे केलं, त्यांचं वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं. अभ्यास छोटा आहे, त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

आणि ताई, खरेदीच्या आधी डॉक्टरकडे जा, हे मी कळकळीने सांगतोय. चाळिशीतल्या बाईची धाप कितीदा तरी रक्त कमी असल्यामुळे असते, आणि आपण ती वयावर किंवा वजनावर ढकलतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी, ईसीजी एवढं तरी करून घ्या. छातीत दुखत असेल किंवा आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर आजच जा. फुप्फुसाला छिद्र पडून गेलं असेल, कानाचा पडदा फाटला असेल, नुकतंच छातीचं, पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर विचारल्याशिवाय हे यंत्र तोंडाला लावायचं नाही.

रिपोर्ट येईपर्यंत जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं सपाटीवर चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. हिमोग्लोबिन किती आलं ते इथे कळवा, मग झडप कुठून सुरू करायची ते बोलू.