माकडतापाची साथ येतेय हे माणसं आजारी पडायच्या आधी कळू शकतं का?

कळू शकतं, पण त्यासाठी रानात मेलेल्या माकडाची खबर त्याच दिवशी पोचायला हवी.

हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो आढळला. विषाणू गोचिडीतून येतो. वानर आणि माकडं त्यानं मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आजूबाजूच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, पसरतात. म्हणून ती जागाच सगळ्यात धोक्याची.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, पुरूही नका. जागेची खूण ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवा. पशुवैद्यक अंगभर संरक्षक पोशाख घालून मेंदू, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे घेतात, मग मृतदेह जाळतात आणि भोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. मृतदेह कुजला असेल तर 'निगेटिव्ह' अहवालाला फारसा अर्थ उरत नाही. दुर्दैवानं बऱ्याचदा खबर दुर्गंधी सुटल्यावरच येते.

विषाणू तपासण्यासाठी गोचिडी गोळा करायला पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून पातेऱ्यावरून ओढतात. दव सुकल्यावरच, कारण ओल्या कापडाला गोचिडी धरत नाहीत. तिळाहून लहान पिल्लं नीट शोधावी लागतात. माणसाला मुख्यतः तीच चावतात.

माणसांत हा आजार दिसतो तो डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा आणि पातेरा गोळा करण्याचा काळ. रानात जाणाऱ्याला अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, कडक अंगदुखी आली की रक्त घ्यायचं. पहिल्या आठवड्यात विषाणू शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी उपयोगी, पुढं प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. त्यामुळे नमुन्याच्या अर्जावर 'ताप कधी सुरू झाला' ही तारीख नसेल तर अहवाल कसा वाचायचा हेच कळत नाही. बाराव्या दिवशीच्या रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून माकडताप नाही असं म्हणणं चूक आहे. नमुना बर्फाच्या पिशव्यांत, २ ते ८ अंशांवर पाठवायचा. सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळं न करता रक्त गोठवलं तर पेशी फुटून नमुना वाया जातो.

ताप उतरला म्हणून रुग्णाचं नाव पाठपुराव्याच्या यादीतून लगेच काढू नये. काहींना एक-दोन आठवड्यांनी ताप उलटतो, मान आखडते, भ्रम होतो.

आणि माकडं मेली नाहीत म्हणजे गाव सुरक्षित, असं धरू नका. माकडांचे मृत्यू नोंदले गेले नसतानाही माणसांत रुग्ण सापडले आहेत.